बाबलकाका आणि मोठी टाकी

खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळे काका होते. नाव बाबलकाका. भोळे असले तरी वयाने मोठे होते, त्यामुळे त्यांना तोंडावर भोळे म्हणायची सोय नव्हती.

त्यांची पुतणी अनघा कॉलेजात समुद्री जीवशास्त्र शिकायची. तिने घरी काचेच्या टाकीत खारं पाणी भरून दगडांवर प्रवाळ वाढवले होते, क्लाउनफिश नावाच्या केशरी माशांची एक जोडी पाळली होती. तीन वर्षं जपलेला संसार. एके दिवशी दुपारी टाकीला तडा गेला आणि पाणी झिरपायला लागलं. नशीब, पडवीत तिप्पट मोठी नवी टाकी खाऱ्या पाण्याने भरून तयार होती. संध्याकाळच्या आत सगळं तिकडे हलवायचं, नाहीतर सगळं मरणार.

"काका मदतीला आलेत," आई म्हणाली.

"आई, दुसरं कोणीही चालेल. पण काका..."

"मोठ्यांना नाही म्हणू नये."

अनघाने टाकीत हात घातला. "काका, आधी हे दगड न्या. सांभाळून हं, ते जिवंत आहेत."

थोड्या वेळाने ती पडवीत आली. दगड अंगणात उन्हात ओळीने मांडलेले.

"काका!"

"जिवंत आहेत म्हणालीस ना? हात लावला तर गार पडले होते. म्हटलं, जरा शेकू देत."

"अहो, ते वाळले तर मरतात! ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचे!"

"आधी सांगायचंस. आता तसंच करतो."

दगड तिनेच नेले. काका पाण्याचा पंप आणायला गेले. पंप त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला, प्लग, वायर, बटणासकट. मग प्लग खोचून बटण दाबलं. फाट् आवाज झाला आणि घराची वीज गेली.

"काका, प्लगला पाणी लागून चालतं का? पुसून, खडखडीत कोरडं करून आणायचं!"

"आधी सांगायचंस. आता तसंच करतो."

अनघाने फ्यूज बसवला आणि मागे वळून पाहिलं. काकांच्या एका हातात मासा, दुसऱ्या हातात टॉवेल.

तिने झडप घालून मासा पाण्यात टाकला. "पाण्यासकट आणायचे, पिशवीत! आणि एकदम सोडायचं नाही. थेंब थेंब नवं पाणी घालून सवय करायची!"

"आधी सांगायचंस. आता तसंच करतो."

तेवढ्यात काकांचे थोरले भाऊ भिवाअप्पा उन्हातून आले. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "पाणी दे रे." पाच मिनिटांनी आई बाहेर आली. अप्पा आ करून बसले होते. काका बारीक नळीने त्यांच्या तोंडात पाणी सोडत होते, एकेक थेंब.

"घाई नको अप्पा. सवय होऊ दे."

"अरे मेल्या, घसा सुकला माझा!"

"भावोजी, हे काय?" आई ओरडली. "मोठ्यांचा मान आधी! आधी मोठ्यांना भरपूर द्यायचं, मग लहानांचं बघायचं."

"आधी सांगायचंत, वहिनी. आता तसंच करतो."

मासे पिशवीत घालून पडवीत ठेवून अनघा आत जुन्या टाकीतले शेवटचे प्रवाळ काढत होती. तिथूनच तिने सांगितलं, "काका, पिशवीतले मासे आता मोठ्या टाकीत सोडा!"

सगळे प्रवाळ सोडवून ती तासाभराने बाहेर आली तेव्हा नव्या टाकीत मासे नव्हते. पडवीत काकाही नव्हते.

"पंचायतीच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे गेले," आई म्हणाली. "म्हणाले, गावात सगळ्यांत मोठी तीच. मोठ्यांचा मान आधी."

अनघा धावत सुटली. जिना चढून धापा टाकत वर पोचली. काका टाकीच्या काठावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन्ही मासे, जिवंत.

तिच्या जिवात जीव आला. "सोडले नाहीत ना काका? बरं केलंत."

"सोडेन कसा? मला काय कळत नाही?" काका दुखावल्यासारखे म्हणाले. "चाखून बघितलं तर पाणी गोडं. हमाल लावून सुक्या मासळीच्या गोदामातलं मीठ आणून ओतलं, बावीस पोती. विरघळलं की सोडतो."

खाली पंचायतीच्या माणसाने रोजच्यासारखा पाच वाजता गावाला पाणी सोडायला व्हॉल्व्ह फिरवला.

पाव तासाने गावातल्या घराघरांतून एकदमच सासऱ्यांचा आवाज उठला, "सूनबाई, चहात काय घातलंस गं?"