माडखाडीचा ढोल

सन १८४७, ईस्टरआधीचा उपवासकाळ. मार्चची चौदा तारीख, रविवार. समोरच्या खडकावर ढोल टेकवायची जी गुळगुळीत खाच दिसते, ती त्या दिवसापासून पडत आली, असे सांगतात.

आदल्या वर्षी पटकीने माडखाडीतली एकवीस माणसे नेली. उरलेल्यांनी क्रुसासमोर नवस केला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या पहाटेपर्यंत गावात ढोल वाजणार नाही. ढोल कैतानचा. त्यानेच चामड्याला राख फासली आणि तो आढ्याला टांगला.

त्या सकाळी धुके असे उतरले की अंगणातले माड दिसेनात. कैतानचा भाऊ पेद्रू दोन गड्यांसह होडीत होता. किनाऱ्यापुढे खडकांची रांग. हाका मारून कैतानचा घसा बसला. पेद्रूची हाक कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून, आणि दर वेळी खडकांच्या आणखी जवळून.

कैतानने घरी जाऊन ढोल उतरवला. पाळण्यात तीन महिन्यांची मुलगी होती. शेजारची रोजायमावशी दारात आडवी उभी राहिली.

"नवस मोडलास तर रोग आधी तुझ्याच पाळण्याशी येईल."

"ठाऊक आहे, मावशी. बाजूला हो."



तिला बाजूला सारून तो किनाऱ्याकडे धावला. खडकावर बसून त्याने हातांनी ढोल बडवला. दर थापेला त्याला पाळणा दिसे, म्हणे. चामड्यावरची राख रक्ताने ओली झाली, तेव्हा धुक्यातून होडीचे नाक बाहेर आले. तिघेही जिवंत.

कैतान भावाला भेटायला थांबला नाही. देवळात जाऊन त्याने पाद्रींचे पाय धरले आणि सगळे सांगितले. उपवासकाळभर जांभळा झगा घालणारे पाद्री त्या दिवशी गुलाबी झग्यात होते.

"जांभळा झगा कुठे गेला माझा, विचार ना," ते म्हणाले. "आज उपवासकाळाचा मधला, चौथा रविवार. आज आनंद करा, असे ख्रिस्तसभाच सांगते. कुणाला भितोस?"

कैतान रडला. मग हसला, पटकीनंतर पहिल्यांदा. पण माणूस ताठ.

"शब्द मोडला तो मोडला, पाद्रीबाब. देवाचा एक दिवस मी देणे लागतो."

मुलगी जगली. नातवंडे पाहून गेली.

आजही उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी या खडकावर ढोल वाजतो. आणि ईस्टरला, आसपासच्या गावांत वाजंत्री चालू असताना, आमचा ढोल राख फासलेला आढ्यालाच असतो. तो आम्ही सोमवारी उतरवतो.