माशीच्या चालीचं गणित

“पण तिने मला सांगितलं का नाही, बुवा? एका शब्दाने तरी?”

प्राध्यापक यशोधन बर्व्यांचा आवाज चढला. सुनेत्राबाईंना जाऊन वर्ष होत आलं, तरी हा राग काही उतरत नव्हता. बाईंचं हृदय थकत गेलं आणि शेजारी निजणाऱ्या नवऱ्याला त्याचा पत्ता नाही! संसार केला की थट्टा केली?

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात भानुबुवा ओसरीवर केळी सोलत बसले होते. केळी पिकून मऊ झालेली, त्यांवर चिलटं घोंगावत होती.

“तुझी मंडळी आली बघ,” बुवा म्हणाले. “यांचंच काहीतरी करतोस ना तू?”

“यांच्या प्रणयाचं गणित मांडतो.”

“अरे वा! म्हणजे भटजीच की.”

बर्वे हसले नाहीत. पण विषय गणिताचा निघाला आणि माणूस जरा ताठ बसला. विद्वानांचं हे असंच असतं, दुःखातही शिकवायचं सोडवत नाही.

“नर पंख थरथरवून गातो, बुवा. मादी गात नाही. तिला गाणं आवडलं, तर तिची चाल मंदावते, बस्स. ती चाल बघून नर पुढचं गाणं ठरवतो. तो काय गाणार, ते आमचं गणित आधीच सांगतं. जगात फार थोड्यांना जमतं हे.”

“असं? चालून दाखव बरं तिच्यासारखं.”

बर्व्यांनी सारवलेल्या जमिनीवर दोन बोटं चालवली. भरभर… मग हळू… आणखी हळू…

“आणि नर कुठे असतो?”

“मागे. कायम तिच्या मागे. पुढे गेला तर त्याला कसं दिसणार, की ती…”

बोटं थांबली.

बुवा केळं सोलत राहिले.

“देवळाच्या पायऱ्यांवर,” बर्वे म्हणाले, “ती मागे राहायची. मंडईत मागे राहायची. मी पुढून ओरडायचो, ‘पाय उचल गं, उशीर होतोय.’ ती हसायची, बुवा. आलेच, म्हणायची.”

“हं.”

“मागे वळून एकदा बघितलं असतं मी… एकदा तरी…”

एवढा मोठा माणूस, पण तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून लहान पोरासारखा रडला. वर्षभर बायकोवर धरलेला राग खरा कुणावर होता, ते आता त्याला कळलं होतं, आणि त्या कळण्याला औषध नव्हतं.

बुवांनी त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

मग ते भिंतीला धरून, गुडघे सांभाळत उठले. काठी घेतली.

“चल, नदीपर्यंत जाऊन येऊ,” ते म्हणाले. “पुढे मी होतो. मला वेळ लागतो.”