लाडले नालबंद आणि टोपलीखालचा ठसा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या पणजोबांनीही ती नुसती ऐकलेलीच, एवढ्या जुन्या काळी, घाटमाथ्यावरच्या कातळवेढे गावात लाडले नावाचा एक नालबंद राहत होता. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हे त्याचं काम. गावाचं पोट सगळं बैलांवर. धान्याच्या गोणी पाठीवर घेऊन बैल घाट उतरत आणि मीठ घेऊन वर येत. घाट म्हणजे नुसता उघडा, गुळगुळीत कातळ. पत्री झिजलेला बैल तिथं घसरला की थेट दरीत.

दुसरे नालबंद बैलाला पाडून, चारी पाय बांधून पत्र्या मारतात. लाडले दोराला हातही लावत नसे. मानेवरून हात फिरवून तो कानाशी काहीतरी पुटपुटे आणि बैल आपणहून पाय उचलून देई, असं म्हणतात. काय पुटपुटे, ते बैलांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पोरं त्याला लाडूचाचा म्हणत आणि येता-जाता लाडू मागत.

गावचे पाटील गिरजोजी. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांत बोलायला उभा राहिला की आवाजाबरोबर त्याचं डोकंही चढायचं.

एका वर्षी लढाईचे दिवस आले. कुण्या एका खानाच्या घोडेस्वारांनी डोंगरापलीकडची तीन गावं जाळली. त्या स्वारांत सगळ्या जातीधर्मांचे पोटार्थी होते, पण जीव घेऊन पळून आलेल्यांच्या तोंडी एकच, खानाची माणसं. दोन दिवसांत 'खानाची माणसं'चं 'ते लोक' झालं. खानाला गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. लाडलेला मात्र सगळे रोज पाहत, आणि गावात मुसलमानाचं घर तेवढं एकच.

तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावरच्या चिखलात कुणाला तरी घोड्याच्या नालेचा ठसा दिसला. झालं. खानाचा हेर येऊन गेला, त्याच्या घोड्याला नाल लाडलेनंच ठोकून दिली, अशी बोंब उठली. पुरावा मोडू नये म्हणून ठशावर टोपली पालथी घालून वर दगड ठेवला. चावडीत लाडले एवढंच म्हणाला, की मला तो ठसा एकदा बघू द्या. त्यात आता बघायचं काय, असं सगळ्यांनाच वाटलं. मग गिरजोजी उठले.

"ते लोक असलेच," ते म्हणाले. "लाडले, दुपारच्या आत गाव सोड."

त्या दिवशी पाटलांना जेवण गेलं नाही. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि भरल्या चावडीत गेलेला शब्द परत घ्यायला जी छाती लागते, ती त्यांच्याकडे नव्हती.

लाडले बायकोला आणि नातीला घेऊन निघून गेला. आणि नेमकी दुसऱ्याच सकाळी बातमी आली, की स्वार कातळवेढ्याकडे निघालेत. गावानं घाट उतरायचं ठरवलं. म्हातारीकोतारी, लेकरं, दाणागोटा, सगळं चाळीस बैलांवर चढवलं. वेशीबाहेर पाणवठ्याशी आल्यावर पाटलांचं लक्ष बैलांच्या खुरांकडे गेलं. पत्र्या पार झिजलेल्या. आणि त्या मारणारा एकुलता एक माणूस आपण कालच हाकलून दिलेला.

तेवढ्यात पुढचा बैल थांबला. उंबराखाली लाडले हत्यारांची पिशवी उघडून बसला होता, शेजारी त्याची बायको आणि नात. बैल त्याच्यापुढे गेला आणि त्यानं पाय उचलला. मग मागच्यानं उचलला. बघता बघता चाळीसही बैल ओळीनं पाय उचलून उभे राहिले, असं म्हणतात.

"तू गेला न्हाईस?" पाटलांनी कसंबसं विचारलं.

"पत्र्या झिजल्यात, मला ठावं हुतं," लाडले म्हणाला. "आन् लेकरं बसनार बैलांवर."

त्यानं हातोडा घेतला. पिशवीत खिळे होते जेमतेम दहा बैलांपुरते. चाळीस बैल झाले तरी ते सरले नाहीत, असं म्हणतात.

शेवटी राहिली पाटलांची घोडी. तिचा मागचा पाय हातात घेऊन लाडलेनं पाटलांना टोपली उचलायला सांगितली. पाटलांनी उचलली. ठशात एका बाजूला तीन खिळे उमटले होते, दुसऱ्या बाजूला दोनच. घोडीच्या नालेतही तसेच. खूर चिरला होता म्हणून लाडलेनंच त्या बाजूला एक खिळा कमी मारला होता. पाटील घोडीला रोज तिथंच पाणी पाजत. अख्ख्या गावात घोडी एकच, तीही पाटलांची, आणि भीतीच्या भरात हे एकालाही आठवलं नव्हतं. खुद्द पाटलांनाही नाही.

"पाटील," लाडले म्हणाला, "काल तुमी 'ते लोक' म्हनालात. या गावात ते लोक म्हंजी मी, माझी मेहबूबी आन् नात हुरमत. तिघांची नावं घेऊन बोलला असता, तर जीभ अडकली असती तुमची."

पाटलांनी हुरमतला उचलून स्वतःच्या घोडीवर बसवलं आणि लगाम धरून ते पायी निघाले.

त्या दिवशी घाटात एकही बैल घसरला नाही. स्वारांना वर सापडल्या त्या थंड चुली आणि रिकामे गोठे. ते आल्या वाटेनं परत गेले. पायथ्याशी शेवटचा बैल उतरला तसे गिरजोजी सगळ्यांदेखत रडले. सुटलो म्हणून रडले. आणि सगळ्या गावासमोर त्यांनी आपला शब्द परत घेतला.

लाडलेची कबर घाटाच्या तोंडाशी आहे. त्याच्या नावानं कातळवेढ्यात एक रीत अजून पाळतात. कुणावर आळ घ्यायचा तर त्या एका माणसाचं नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट. 'ते लोक' म्हणून चालत नाही.

मागे तालुक्यात दंगल झाली, तेव्हा ग्रामसभेत एक गडी तावातावानं उठला आणि म्हणाला, "हे लोक..."

सरपंचबाईंनी वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "नाव सांगा."

त्यानं आठवून बघितलं, इकडेतिकडे बघितलं. मग खाली बसला, आणि सभा नळाच्या पाण्याच्या विषयाकडे वळली.