सरीत आडवा झालेला पारधी

फार पूर्वी मेखलपूर नगरात राजा वसुदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका पारध्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव कोरक. पाखरांची पारख त्याच्याइतकी कोणालाच नव्हती, म्हणून राजाने त्याला चाकरीस ठेवले होते.

एके वर्षी राजाच्या शेतातील जोंधळ्याची कणसे रिकामी होऊ लागली. राखणदारांचा मुखिया भंडुल म्हणाला, "पोपटच आहेत, महाराज. दिवसभर शेतात असतात." राजाने कोरकला हुकूम केला, "जाळे टाक. एकही जिवंत सोडू नकोस."

कोरक शेतावर गेला. पाखरे होती खरी, पण कणसावर एकही नव्हते. तो तसाच परतला. "महाराज, चोराची ओळख पटल्याशिवाय मी जाळे टाकणार नाही."

"तीन दिवस देतो," राजा म्हणाला. "चुकलास तर पाखरांबरोबर तुझाही जीव जाईल."

कोरक तीन दिवस जोंधळ्याच्या दोन ओळींमधल्या सरीत पालथा पडून राहिला. मुंग्या चावल्या, उन्हाने पाठ सोलून निघाली. जिवाची भीती होतीच, पण तो उठला नाही. राखणदार सूर्य वर आल्यावर मचाणावर चढत आणि सांजेलाच उतरत. मध्ये खाली येणे त्यांना कमीपणाचे वाटे. भंडुल वरून त्याला हसत राही.

तिसऱ्या सांजेला कोरक राजाला म्हणाला, "उद्या पहाटे माझ्याशेजारी सरीत आडवे व्हा, महाराज." दरबारी चपापले. राजाला मात्र त्याचा हट्ट आवडला. पहाटे त्याने मुकुट बांधावर ठेवला आणि तो मातीत पालथा झाला.

उजाडताना हिरव्या पोपटांचा थवा कणसांवर उतरला आणि पोट भरून उडून गेला. मचाण अजून रिकामेच होते. बऱ्याच वेळाने दुसरा थवा जमिनीवर उतरला आणि चालू लागला. छाती तांबडी, तोंड निळे, पोट पिवळे. एक पाखरू राजाच्या नाकासमोर आले, गवताचे बी टिपून पुढे गेले. राजाने श्वास रोखला होता.

कोरक हळूच म्हणाला, "वरून यांची फक्त हिरवी पाठ दिसते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. हे भुईवरचे पोपट कणसाला शिवत नाहीत. तुमच्या शेताची फुकट निंदणी करतात."

"आणि ते पहिले?"

"पोटासाठीच येतात. पहाटे कोणी गोफण फिरवली तरी निघून जातील."

अंग झटकत राजा उठला आणि त्याने जाळे जाळून टाकायला सांगितले. भंडुलला पहाटेची राखण लागली.

विहारात एका भिक्षूने सोबत्यावर चोरीचा आळ घेतला होता, तेव्हा ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भंडुल म्हणजे न पाहताच सोबत्याला चोर म्हणणारा हा भिक्षू. राजा म्हणजे निवाड्याआधी स्वतः खात्री करून घेणारे हे थेर, तुमचे वडील भिक्षू. कोरक मीच होतो. खरे दिसेपर्यंत जागचे हलायचे नाही, या निश्चयाला अधिष्ठान म्हणतात. आणि ते बी टिपणारे पाखरू म्हणजे ज्याच्यावर आळ आला तो सोबती. तेव्हाही त्याला स्वतःची बाजू मांडता आली नव्हती."