दिवसा दिसलेला तारा

डोंगराळ मुलखात एक छोटे राज्य होते. तिथे नागेशभट नावाचे एक वृद्ध जोशी राहत. टेकडीवरच्या चौथऱ्यावर बसून रोज आकाश पाहायचे आणि जे दिसेल ते ताडपत्रावर लिहायचे, एवढेच त्यांचे काम. ढग असले तर ते ‘ढग’ असे लिहीत. काही वेगळे नसले तर ‘नवे काही नाही’ असे लिहीत. चाळीस वर्षांत त्यांनी हे तीन शब्द इतक्या वेळा लिहिले होते, की राजवाड्यातले लोक त्यांची थट्टा करत.

चैत्रातल्या एका पहाटे धनिष्ठा नक्षत्राच्या शेजारी, जिथे काल काहीच नव्हते, तिथे एक तारा दिसला. शुक्राहून कितीतरी तेजस्वी. नागेशभटांच्या हातातली लेखणी हातातच राहिली. उजाडले, सूर्य वर आला, बाकीच्या चांदण्या विझल्या. हा मात्र निळ्या आकाशात तसाच होता. नदीवर आलेल्या बायका घागरी खाली ठेवून वर पाहू लागल्या. गुराखी गुरे सोडायची विसरले. म्हाताऱ्यांनी हात जोडले, पण कशाला जोडले ते त्यांनाही सांगता आले नसते. दुपारी तारा मावळेपर्यंत गावात मोठ्याने कुणी बोलले नाही.

नागेशभटांनी त्या दिवशी लिहिले, ‘नवा तारा. भर दिवसा दिसतो. काय आहे, कळत नाही.’

राज्याचा राजा रणधवल तरुण होता. महिन्यापूर्वीच गादीवर बसला होता, आणि पूर्वेकडच्या शेजारी राज्याच्या सुपीक खोऱ्यावर त्याचा डोळा होता. राजपुरोहिताने त्याला सांगितले की हा तारा त्याच्यासाठीच जन्मला आहे, पूर्वेला उगवून तो विजयाची वाट दाखवतो आहे. राजाला ते पटले. खरे तर त्याला ते ऐकायचेच होते. त्याने सैन्य गोळा करायला सांगितले आणि नागेशभटांना बोलावून आज्ञा केली: ‘राजा रणधवल यांच्यासाठी हा तारा जन्मला, तो अखंड तळपत राहील,’ असे लिहून द्यावे. ते सैन्यापुढे वाचले जाईल, म्हणजे शिपाई मरणाला भिणार नाहीत.

नागेशभटांनी पंधरा दिवस मागून घेतले. रोज सूर्योदय होताच ते पाण्यात भोकाची वाटी सोडत. ती बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका. सूर्य उगवल्यावर तारा किती घटका दिसतो, हे ते मोजत. आधी तो मावळेपर्यंत दिसे. मग दहा घटका दिसला, मग सात, मग चार.

पंधराव्या दिवशी ते दरबारात उभे राहिले. त्यांनी सांगितले की त्यांच्या गुरूंच्या गुरूंनी असाच एक तारा पाहिल्याची नोंद आहे. तो वर्षभरात दिसेनासा झाला, आणि त्या जागी आता काहीच दिसत नाही.

“महाराज, हा तारा जन्मला असं मला वाटत नाही,” ते म्हणाले. “तो मरतो आहे.”

राजाने विचारले, “मरणाऱ्याला एवढं तेज असतं?”

“त्याचंच मलाही नवल वाटतं, महाराज.”

पुरोहित म्हणाला की हा राजद्रोह आहे. सेनापतीने विचारले की उद्या शिपायांना सांगायचे काय. राजाने नागेशभटांना बजावले, लिहा, नाहीतर टेकडीवर पुन्हा पाऊल ठेवू नका. त्या चौथऱ्याशिवाय म्हाताऱ्याला दुसरे आयुष्य नव्हते. तरी त्यांनी शब्द बदलले नाहीत.

“मला काढून टाका. दुसरं कुणी लिहून देईल. पण लिहिल्यानं ताऱ्याचं मरणं थांबायचं नाही. आणि महाराज, पलीकडच्या राज्यातही तो असाच दिसतो. तिथला राजाही म्हणत असेल, हा माझ्यासाठी उगवला.”

राजा म्हणाला, “मी स्वतः बघतो.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो टेकडीवर गेला. वाटी त्याने स्वतःच्या हाताने सोडली. तारा साडेतीन घटका दिसला. राजा रोज येऊ लागला. खाली मैदानात सैन्य खोळंबले होते. तीन घटका झाल्या, दोन झाल्या. आठव्या दिवशी सूर्याची कड वर आली आणि राजाच्या डोळ्यांदेखत तारा उजेडात विरून गेला. त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिले. आकाश रिकामे होते.

“मी याच्या भरवशावर माणसं मारायला निघालो होतो,” तो हळूच म्हणाला.

त्याच दिवशी सैन्य घरोघरी परतले. नागेशभट चौथऱ्यावरच राहिले. तारा आता फक्त रात्रीच दिसे, आणि पावसाळ्यात ते ‘ढग’ लिहीत राहिले. शरदात संध्याकाळच्या आकाशात तारा पुन्हा दिसला, तेव्हा तो साध्या चांदणीएवढा झाला होता. पुढच्या वैशाखात त्यांनी लिहिले, ‘आज दिसला नाही.’

तो तारा काय होता, हे त्या दोघांनाही शेवटपर्यंत कळले नाही. आज आपल्याला ठाऊक आहे. सूर्याहून कितीतरी मोठा तारा आतले इंधन संपले की स्वतःत कोसळतो आणि फुटतो. काही दिवस तो एकटा कोट्यवधी ताऱ्यांइतका प्रकाश देतो. मग उरतो एक प्रचंड ढग, हजारो वर्षे पसरत जाणारा. आपल्या हाडांतला चुना आणि रक्तातले लोह अशाच फुटलेल्या ताऱ्यांत तयार झाले. आणि अशा ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायलाच हजारो वर्षे लागतात. राजा रणधवलाने तो तारा पाहिला, तेव्हा तो फुटून युगे लोटली होती. राजाच्या घराण्यातला पहिला पुरुषही तेव्हा जन्मला नव्हता.

तात्पर्य: जे आपल्याहून फार मोठे आहे, त्याला आपल्या इच्छेचा साक्षीदार करू नये. ते नीट पाहावे, जेवढे दिसेल तेवढेच सांगावे, आणि जे कळत नाही ते कळत नाही असे म्हणायला लाजू नये.