कोपरा कापलेलं पत्र

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीला पूल नव्हता, एसटी तर कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती, तेव्हाची. आपल्या आसनवाडीचा हैबती फौजेत भरती झाला आणि बोटीत बसून साता समुद्रापलीकडच्या लढाईवर गेला. गावात लिहिता-वाचता येणारा तेवढा एकच, आणि नेमका तोच गेला! मागं राहिली त्याची बायको सगुणा आणि म्हातारा बाप राणोजी, हैबतीचे आबा.

त्या काळी रीत अशी, की मयताची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडून पाठवायचं. तसं पत्र घरात घ्यायचं नाही, वाचत बसायचं नाही. कोपरा दिसला नाही की टाहो फोडायचा. आता हैबती पत्राच्या वरच्या कोपऱ्यात मुक्कामाचं नाव लिहायचा, शाळेत शिकवलं होतं तसं. आणि फौज कुठं आहे ते शत्रूला कळू नये म्हणून पलटणीतला साहेब तेवढा कोपरा कात्रीनं कापून टाकायचा. हे तिकडचं इकडं कुणाला ठाऊक असणार?

पहिलंच पत्र आलं ते कोपऱ्याविना. राणोजी उंबऱ्यातच खाली बसला. भावकी जमली. देह नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करायला घेतला. बायका सगुणाच्या बांगड्या फोडायला उठल्या.

"हात लावू नगा," सगुणा म्हणाली. "आदी पत्र वाचा."

"अगं पोरी, कोपरा गेलाय. आता काय वाचायचं ऱ्हायलंय?" राणोजी रडत म्हणाला.

"मामंजी, उरलेला सगळा कागूद हाय की!"

पण थांबतंय कोण? आणि पुतळ्याला अग्नी दिला की माणूस मेला तो मेलाच. उद्या जिता परतला तरी त्याला घरात घ्यायला शंभर विघ्नं. सगुणानं पत्र अंबाड्यात खोवलं आणि धावत सुटली. शाळेचे गुरुजी पलीकडच्या गावात, मधे नदी दुथडी भरलेली. असं म्हणतात, ती पाण्यात उतरली आणि नदी तिच्या कमरेच्या वर चढली नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन नदीला विचारा.

गुरुजींनी वाचलं. "मी सुखरूप आहे. इथं चिखल इतका, की काढलेला बूट पुन्हा सापडत नाही. उवांनी जीव खाल्लाय. माझ्या वाट्याला एक खेचर आलंय, अडेलतट्टू, त्याला मी आबांचं नाव ठेवलंय. आज डाळ बरी शिजली. जेवलो. तू जेवलीस का?"

सगुणा पत्र तोंडपाठ करून परतली ती थेट मसणवट्यात. राणोजीच्या हातात पेटता टेंभा होता. ती पुतळ्यापुढं उभी राहिली आणि सगळं पत्र मोठ्यानं म्हणाली. खेचराचं नाव आलं तसा म्हातारा रडता रडता हसला आणि टेंभा त्यानं नदीत बुडवला.

मग पत्रं येत राहिली, सगळी कोपरा कापलेली. पत्रं कसली, रोजनिशीच ती. सगुणा नदीपार जाऊन ऐकून यायची आणि मारुतीच्या पायरीवर बसून गावाला सांगायची. दर पत्राचा शेवट एकच, "जेवलो. तू जेवलीस का?"

आणि एके दिवशी पत्र आलं, चारी कोपरे शाबूत! लढाई संपली असं वाटून लोकांनी गूळ वाटला. सगळा गाव सगुणासोबत नदीपार गेला. गुरुजींनी पत्र उघडलं. पत्र फौजेच्या कचेरीतून आलं होतं. हैबतीचं नाव, त्याची पलटण, आणि लढाईत कामी आला एवढंच.

"फुडं वाचा, गुरुजी," सगुणा म्हणाली.

"पुढं काही नाही, बाई."

"त्ये जेवले हुते का, त्ये लिवलंय का?"

गुरुजींनी कागद उलटून पाहिला. पोरांनो, मागची बाजू कोरी होती.

बांगड्या तिनं कुणाला फोडू दिल्या नाहीत. परतताना एकेक उतरवून नदीला दिल्या. असं म्हणतात, तेव्हापासून नदी ओलांडताना त्या उताराला कुणी बुडालं नाही.

आजही आसनवाडीत पत्राचा कोपरा कुणी फाडत नाही. फौजेतून काहीही येवो, मारुतीच्या त्याच पायरीवर, सगुणाईच्या पायरीवर, बसून ते शेवटपर्यंत वाचतात, मग रडायचं तर रडतात. आणि आपल्या गावचा जवान सीमेवरून घरी फोन करतो ना, तेव्हा रामराम घालायच्या आधी म्हणतो, "जेवलो."