रिकामा शंख

खाडीकाठच्या एका जंगलात एक हौशी माकड राहत असे. कुठूनही येताना काहीतरी उचलून आणल्याशिवाय प्रवास घडल्यासारखे त्याला वाटतच नसे. मोराचे पीस, देवळातली घंटा, कुणाची तरी एकच चप्पल, असा संसार त्याने ढोलीत मांडला होता. एकदा कासवाच्या पाठीवर बसून ते समुद्रातल्या एका बेटावर गेले. उतरताना कासवाने बजावले, "बेट लहान आहे. इथली कुठलीच वस्तू फालतू नसते." माकडाने मान डोलावली. मान डोलावायला काय लागते?

किनाऱ्यावर शंखात राहणारे दहा-बारा खेकडे ओळीने उभे होते. थोरली खेकडीण सर्वांत पुढे, चिमुकला सर्वांत मागे. आपल्या स्वागतालाच जमलेत, असे समजून माकडाने छाती फुगवून सगळ्यांना नमस्कार केला. खरे तर त्यांचा तो घर बदलण्याचा दिवस होता. अंग वाढले की या खेकड्यांना शंख अपुरा पडतो. मोठा रिकामा शंख सापडला की पहिला त्यात शिरतो, दुसरा पहिल्याच्या शंखात, आणि असे करत शेवटच्यालाही ऐसपैस घर मिळते. खेकडीण जुन्या शंखातून बाहेर पडली, मागचा लगेच आत घुसला, आणि नेमका तेव्हाच माकडाने समोरचा मोठा शंख उचलला. आहेर कशाला, असेही ते लाजत म्हणाले.

बिचारी खेकडीण उघड्या पाठीने वाळूवर उभी राहिली. वर घार घिरट्या घालत होती. शंख परत दे म्हणून तिने विनवले.

"रिकामाच तर होता," माकड म्हणाले आणि शंख काखेत मारून कासवाकडे निघाले. खेकडीण वाद घालत बसली नाही. तिने माकडाची शेपटी धरली, पाठीवरून सरसर चढली आणि गुपचूप शंखात शिरली.

कासव चार हात पाण्यात गेले असेल नसेल, माकडाने ऐटीत निरोपाचा शंख फुंकायला घेतला. आवाज आला, पण शंखाचा नव्हे. खेकडिणीने त्याचा खालचा ओठ नांगीत पकडला होता. कासव न सांगताच मागे वळले. शंख वाळूवर टेकला तेव्हाच तिने ओठ सोडला.

बेटावरून या खेपेला काय आणलेस, असे जंगलात सगळ्यांनी हौसेने विचारले. ओठ सुजून वांग्याएवढा झाला होता. माकडाने मुकाट्याने तोच दाखवला.

तात्पर्य : पाहुण्याला जे रिकामे दिसते, त्याची कुणीतरी रांगेत उभे राहून वाट पाहत असते, म्हणून परक्या गावाहून आठवण आणावी, गाव आणू नये.